आवाज स्वच्छ आहे, पण गोड नाही

मंडळी, गेल्या दिवाळीत या पानावर मी चकलीच्या सोऱ्याची कैफियत मांडली होती. यंदा दुसऱ्या एका यंत्राची पाळी: ॲम्प्लिफायर.

आमच्या दिवाणखान्यात त्याला देवघराच्या खालोखाल मान आहे, असं बायकोचं म्हणणं. समोर बटण एकच, आवाज कमी-जास्त करायचं. बेस नाही, ट्रेबल नाही. मुद्रणात जे असेल तेच कानापर्यंत पोचवायचं, पदरचं काही घालायचं नाही, हा त्याच्या रचनेमागचा बाणा. मी इंजिनियर माणूस, मला तो फार पटला. किती पैसे मोजले ते इथे लिहीत नाही, कारण अंक घरीही वाचला जातो.

यंदा उन्हाळ्यात बाबा पुण्याहून आले. वय ८१. मी मोठ्या हौसेनं भीमसेन जोशींची तबकडी लावली. बाबांनी डोळे मिटून दहा मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "आवाज स्वच्छ आहे रे, पण गोड नाही. आपल्या जुन्या रेडिओत तंबोरा कसा भरून यायचा!"

झालं. मला रात्रभर झोप नाही.

आता त्यांचं म्हणणं अगदीच निराधार नव्हतं. जुन्या रेडिओत व्हॉल्व्ह असत, आणि व्हॉल्व्हची साधी मांडणी मूळ स्वरात थोडी भेसळ करते. पण ती कसली? मुख्यतः दुप्पट कंपनसंख्येची, म्हणजे त्याच षड्जाच्या वरच्या सप्तकातल्या षड्जाची. तिप्पट म्हणजे त्याच्या वरचा पंचम. पाचपट म्हणजे तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा तो स्वयंभू गंधार. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून आपण जवारी लावतो, ती असल्याच उपस्वरांसाठी. तिला कोणी बिघाड म्हणत नाही.

सुरुवातीच्या ट्रान्झिस्टरवाल्या यंत्रांची खोड वेगळी होती. त्यांत लाटेचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर उचलतो, खालचा अर्धा दुसरा. पालखीचा खांदा बदलताना बसतो तसा मध्ये बारीक हिसका बसतो. त्यातून सातपट, अकरापट असले उपस्वर निघतात, जे आपल्या कुठल्याच स्वरात नीट बसत नाहीत. शिवाय तान जोरात असेल तर हिसका झाकला जातो, संथ आलापीत मात्र उघडा पडतो. दोन्ही ट्रान्झिस्टर कायम जागे ठेवले तर हिसका जातो, पण यंत्र शेगडीसारखं तापतं. इथल्या जानेवारीत ते गैरसोयीचं नाही, म्हणा.

यावरचा मोठा उपाय १९२७ साली हॅरल्ड ब्लॅक या अमेरिकन इंजिनियरला सुचला, तोही कामाला जाताना हडसन नदीतल्या फेरीबोटीवर. हाताशी कागद नव्हता, म्हणून त्यानं वर्तमानपत्राच्या पानावरच आकृती काढली. बाहेर पडणाऱ्या आवाजाचा थोडा अंश उलटा करून परत आत पाठवायचा, म्हणजे यंत्र स्वतःची चूक स्वतःच खोडून काढतं. वाढण्याआधी आमटी चाखून बघावी, तसं. हा उपाय नीट वापरला की व्हॉल्व्ह काय नि ट्रान्झिस्टर काय, दोघांतला फरक कानाला जवळजवळ उरत नाही. १९७८ साली इथल्या 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात क्वाड कंपनीचा एक व्हॉल्व्हचा आणि दोन ट्रान्झिस्टरचे ॲम्प्लिफायर पडद्याआड ठेवून घेतलेली चाचणी छापून आली होती. जाणकार श्रोत्यांना ते खात्रीनं ओळखता आले नाहीत.

तेव्हा मीही चाचणी घ्यायचं ठरवलं. मंडळातल्या एका मित्राकडून त्याचा लीक स्टीरिओ २० हा व्हॉल्व्हचा जुना ॲम्प्लिफायर आणला. मीटर लावून दोघांचा आवाज सारखा केला, कारण जो किंचित मोठा वाजतो तोच कानाला सरस वाटतो. सोफ्यामागे लेक बसली, वायरी बदलायला. दहा फेऱ्या झाल्या. बाबांनी पाच बरोबर ओळखल्या, मी सहा. नाणं उडवलं असतं तरी एवढ्या आल्या असत्या.

मी मनातून खूश. बाबा म्हणाले, "दोन्ही सारखेच बेचव आहेत."

लेकीनं मग माळ्यावरून माझा विद्यार्थिदशेतला रिसीव्हर काढला. त्याला बेस आणि ट्रेबलची बटणं होती. बाबांनी ट्रेबल पार शेवटापर्यंत फिरवला. मला तो आवाज दातावर दगड घासल्यासारखा लागला. बाबांचा चेहरा मात्र उजळला. "हां! आता आला तंबोरा!"

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. प्रश्न ॲम्प्लिफायरचा नव्हताच.

वयाबरोबर कान आधी वरच्या कंपनसंख्या सोडतात. तंबोऱ्याची जवारी त्यांतच असते. पण स, श, फ ही व्यंजनंही त्यांतच असतात, आणि लहान मुलांच्या बारीक आवाजात ती तर आणखीच निसटतात. गेली तीन-चार वर्षं दर रविवारी फोनवर बाबा नातीला नुसतं "हो हो, छान" म्हणत. आम्ही काय धरून बसलो होतो? की तिचं मराठी इंग्रजी वळणाचं, म्हणून आजोबांना कळत नाही. "जरा नीट बोल," असं मी तिला कितीदा दटावलं असेल! हळूहळू ती फोनवर यायचीच बंद झाली होती. पोरीच्या उच्चारांत काही खोट नव्हती.

त्या संध्याकाळी मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "इट्स ओके, बाबा," आणि मग आजोबांच्या कानाशी जाऊन सावकाश मराठीत काहीतरी सांगितलं. दोघं बराच वेळ हसत होते. काय ते मला अजून सांगितलेलं नाही.

पुण्याला परतल्यावर बाबांनी कान तपासून घेतले आणि श्रवणयंत्र बसवलं. तोही ॲम्प्लिफायरच, पण माझ्याच्या अगदी उलट बाण्याचा. जिथे कान कमी पडतो नेमकं तिथेच तो पदरचं घालतो, हळू आवाज जास्त उचलतो, मोठा आवाज आवरतो. पहिल्या आठवड्यात एक गंमत झाली. तंबोऱ्याचा अखंड स्वर म्हणजे आपलीच शिट्टी, असं समजून ते यंत्र तो दाबायला बघे! बाबांनी तक्रार केल्यावर तिथल्या बाईंनी गाण्यासाठी वेगळी जुळणी करून दिली. तुमच्याकडे कोणी यंत्र वापरत असेल आणि त्यांना गाणं विचित्र ऐकू येत असेल, तर ही जुळणी जरूर मागून घ्या. यंत्र खणात टाकून देऊ नका.

आणि घरचं मोठं माणूस टीव्ही मोठ्यानं लावत असेल किंवा फोनवर नुसतंच "हो हो" म्हणत असेल, तर नातवंडांच्या मराठीला दोष देण्याआधी एकदा कान तपासून घ्या.

माझा एका बटणाचा ॲम्प्लिफायर अजून जागेवर आहे आणि मला तोच गोड लागतो. शेजारी तो जुना रिसीव्हरही मांडला आहे, ट्रेबल शेवटापर्यंत फिरवून. बाबा मे महिन्यात पुन्हा येणार आहेत.

दिवाळी सर्वांना सुरेल जावो!