फीत लावली, पुढे काय?

आपल्या फौजेत एक गोष्ट वर्षानुवर्षं चुकीची चालली आहे आणि ती कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. जवानाला आपण नायक करतो, दंडावर दुसरी फीत लावतो, पेढे खातो आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला वाऱ्यावर सोडतो.

ऑफिसरचं बघा. एनडीएत तीन वर्षं, मग आयएमएत एक वर्ष, पुढे यंग ऑफिसर्स कोर्स. पलटणीत आल्यावर प्लाटून हातात येते तेव्हा शेजारी वीस-बावीस वर्षं नोकरी झालेले सुभेदार साहेब उभे असतात. काही चुकत असेल तर ते हळूच कानात सांगतात, जवानांना पत्ताही लागत नाही. पद्धत उत्तम आहे. माझा प्रश्न एवढाच, की नायकाच्या शेजारी कोण असतं?

त्याचं प्रमोशन केडर होतं, हे मान्य. ड्रिल, हत्यारं, नकाशा, सेक्शनचा हमला, सगळं घोटून घेतात. बरेलीला ज्युनियर लीडर्स अकादमीही आहे. पण केडर असो की कोर्स, संपल्यावर परत त्याच बॅरेकमध्ये यायचं असतं. काल ज्याच्या मगातला चहा प्यायलो, त्याचंच नाव आज रात्री दोन ते चारच्या संतरी ड्युटीवर लिहायचं. तो म्हणणार, "काय रे, फीत लागली आणि विसरलास?" याचं उत्तर कुठल्या केडरमध्ये शिकवतात?

मग पोरगा दोनपैकी एक वाट धरतो. एक तर मित्रच राहतो आणि सेक्शनची सगळी कामं स्वतः उरकतो. नाहीतर उठसूट ओरडायला लागतो. बहुतेक पोस्टिंगवर मी हे दोन्ही नमुने पाहिले आहेत.

वरून आपण त्यात भर घालतो. एका जुन्या पोस्टिंगवर कंपनीतले वरिष्ठ नव्या नायकाला ओलांडून थेट जवानांना हुकूम द्यायचे आणि काम बिघडलं की फॉलिनमध्ये, त्याच्याच सेक्शनसमोर, नायकाला झाडायचे. तीन महिन्यांत त्या पोराचा आवाज बसला. मग सगळे म्हणाले, "इसके बस का नहीं है." अहो, त्याच्या बसचं काही ठेवलं होतं का तुम्ही?

सध्या मी राजौरी जिल्ह्यात आहे. याच भागात, नौशेऱ्याजवळ तैनधारला ६ फेब्रुवारी १९४८ रोजी नायक जदुनाथ सिंग नऊ जणांच्या चौकीचे कमांडर होते. हल्ल्यामागून हल्ला आला तरी त्यांनी चौकी सोडली नाही. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. आपल्या रायगड जिल्ह्यातले यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत लढताना नायकच होते, सेक्शन कमांडर. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आपण त्यांचे फोटो लावतो, जयंती करतो. पण त्यांच्याच हुद्द्यावरचा आजचा पोरगा एकटा धडपडत असतो, तिकडे बघत नाही.

जुने लोक म्हणतात, "आम्हाला कोणी शिकवलं होतं? पाण्यात पडलं की पोहता येतं." हे जे तरले ते म्हणतात. जे बुडाले ते बोलायला समोर नाहीत. काही जण तर ही फजिती बघूनच प्रमोशनला अनविलिंग लिहून देतात आणि त्यात चांगली पोरंही असतात.

दुसरे म्हणतात, फौजेत लाड नकोत. हे लाड आहेत? नवीन एलएमजी आली तर आपण आधी रेंजवर नेतो, झिरोइंग करतो, मगच पोस्टवर लावतो. हत्यारासाठी एवढं करतो, तर दहा माणसं ज्याच्या हाती देणार त्याच्यासाठी का नको?

मी जास्त काही मागत नाही, पैसाही लागत नाही. जमेल तिथे नव्या नायकाला दुसऱ्या प्लाटूनमध्ये द्या. नाही जमलं तर निदान बॅरेक बदला. पहिले तीन महिने एक मुरलेला हवालदार त्याच्याशी जोडून द्या. रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं दोघांनी बसावं: आज ड्युटी कशी वाटली, कोण कुरकुरला, कुणाच्या घरी अडचण आहे, सुट्टी कुणाला आधी द्यायची. सेक्शनला हुकूम त्याच्याच तोंडून जाऊ द्या. झाडायचं असेल तर बाजूला घेऊन झाडा.

आता तर हे टाळून चालणारच नाही. २०२२ पासून अग्निवीर येत आहेत. चार वर्षांची नोकरी आणि त्यातले जास्तीत जास्त पंचवीस टक्के कायम होणार. आपण राहणार की जाणार, ही काळजी घेऊन झोपणारी वीस-एकवीस वर्षांची पोरं या नायकाच्या सेक्शनमध्ये आहेत. त्यांच्या मनातलं आधी त्याला कळणार आहे, कंपनी कमांडरला नाही.

म्हणून सुभेदार साहेब, सीएचएम साहेब, हात जोडून सांगतो. पुढच्या वेळी कुणाला फीत लावाल, तेव्हा पेढा खायच्या आधी एक नाव ठरवा, की उद्यापासून याच्या शेजारी कोण बसणार. नाव ठरत नसेल, तर हा पोरगा नापास झाल्यावर त्याला दोष देऊ नका.