गुरुजींच्या जिन्यावरून कोणी पडले तर

गणेशोत्सवाची पहिली बैठक बसली की आपल्या मंडळात दोन वाद ठरलेले असतात: मोदक घरी वळायचे की मागवायचे, आणि शाळेच्या हॉलसाठीच्या अर्जातला विम्याचा रकाना कोणी भरायचा. पहिला वाद दरवर्षी चवीने चालतो, तो चालू दे. दुसरा मात्र यंदा हसण्यावारी नेता येणार नाही. या वेळी इंदूरहून एक गायिका आणि त्यांचे दोन साथीदार येत आहेत, शिवाय मिरवणुकीला ढोल-ताशा आहे. "या मंडळींचा विमा कोणाचा?" असे खजिनदारांनी विचारले तेव्हा एका सुरात उत्तर आले, "अहो, आपलीच माणसं आहेत ती!"

हे उत्तर मला तोंडपाठ आहे. मी इंदूरचा. (लताबाईंचा जन्म इंदूरचा, हे सांगितल्यावाचून इंदूरकराला पुढे बोलता येत नाही, तेवढे उरकून घेतले.) रामबागेत, लोकमान्य नगरात गाण्याचे क्लास राहत्या घरातच चालायचे. बाहेरच्या खोलीत सतरंजी, कोपऱ्यात गवसणी घातलेला तानपुरा, माडीवर तबला आणि जिन्याच्या पायऱ्यांवर चपलांचा ढीग. त्या ढिगावरून कोणी घसरले तर काकू हळद लावायच्या आणि मुलगा दुसऱ्या दिवशी पुन्हा सा लावायला हजर. त्या घरात कोणी विम्याचे नाव काढले असते, तर गुरुजींनी बांधलेला गंडा परत मागितला असता.

आता आपण जिथे राहतो त्या ब्रिटनमधल्या शाळेचा अर्ज पाहा. पन्नास लाख पाउंडांचे पब्लिक लायबिलिटीचे प्रमाणपत्र जोडा, नाहीतर हॉल नाही. पब्लिक लायबिलिटी म्हणजे एवढेच, की आपल्या हलगर्जीपणामुळे तिऱ्हाइताला इजा झाली किंवा त्याच्या वस्तूचे नुकसान झाले, तर त्याची भरपाई आणि आपल्या वकिलाचा खर्च विमा कंपनी देते. हलगर्जीपणा कसा दिसतो ते पाहायचे असेल, तर आपल्याच कुठल्याही मैफलीच्या आधी अर्धा तास रंगमंचाजवळ उभे राहा. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचा भारतातून आलेला प्लग, त्यावर अडॅप्टर, त्यावर एक्स्टेन्शन, आणि तिथून निघालेली वायर विंगेऐवजी थेट मधल्या वाटेवरून मागच्या भिंतीपर्यंत. तिच्यावर चिकटपट्टी लावायची असते हे सगळ्यांना माहीत असते, चिकटपट्टी मात्र कोणाच्या तरी गाडीत राहिलेली असते. दिवे मंद झाल्यावर उशिरा आलेल्या आजी काठी टेकत त्याच वाटेने पुढे येतात.

इथे एक गोष्ट कार्यकारिणीतल्या प्रत्येकाने समजून घ्यावी. आपले मंडळ कंपनी म्हणून नोंदलेले नाही. अशा मंडळाला कायद्याच्या नजरेत स्वतःचे असे अस्तित्व नसते, त्यामुळे दावा आलाच तर तो शेवटी पदाधिकाऱ्यांच्या नावावर येतो. वर्षभर वर्गण्या गोळा करणाऱ्या माणसाच्या राहत्या घरावर तो येऊ शकतो.

इंदूरला विम्याचे असे कोणी विचारत नसे, याचे एक कारण जुने आहे. गायक अमीर खाँसाहेबांचे वडील शहामीर खाँ होळकर दरबारात सारंगीवादक होते. दरबारी कलावंताच्या बऱ्यावाईटाची काळजी दरबाराने वाहायची, ही रीत. दरबार गेले, कलावंत स्वतंत्र झाला, पण ती काळजी कोणाच्याच वाट्याला आली नाही. खाँसाहेब स्वतः १३ फेब्रुवारी १९७४ रोजी कलकत्त्यात मोटार अपघातात गेले. रस्त्यावरच्या अपघातासाठी निदान कायदा तरी आहे; मोटारीचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आणि दावा ऐकायला वेगळे न्यायाधिकरण. त्याच मोटारीतून उतरून कलावंत मंडपात शिरला आणि मंडप श्रोत्यांवर कोसळला, तर यातले काहीच नाही.

वास्तविक 'सार्वजनिक दायित्व विमा' याच नावाचा कायदा भारतात १९९१ पासून आहे, आणि तो आमच्या मध्य प्रदेशातल्याच दुःखातून आला. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळला वायू गळाला. त्यानंतर घातक रसायने हाताळणाऱ्यांवर असा विमा काढण्याची सक्ती झाली. सक्ती कारखान्याच्या फाटकापाशी थांबली. सभागृहे, देवळे, मंडप, गाण्याचे क्लास त्या कायद्यात बसत नाहीत. विमा कंपन्या बिगर-औद्योगिक दायित्वाची पॉलिसी विकतात, घेणारे घेतात, बाकीचे देवावर सोडतात.

भोपाळपासून इंदूर दोनशे किलोमीटरही नाही. ३० मार्च २०२३ रोजी, रामनवमीला, इंदूरच्या बेलेश्वर महादेव मंदिरात हवन चालू असताना जुन्या बावडीवर, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीवर, टाकलेली स्लॅब खचली आणि ३६ माणसे गेली. ज्यांनी माणसे गमावली त्यांच्यासाठी राज्य सरकारकडून पाच लाख आणि पंतप्रधान निधीतून दोन लाख रुपये जाहीर झाले, जखमींना पन्नास हजार. मदत म्हणून ते योग्यच होते. पण मदत आणि भरपाई यांत फरक आहे. मदतीचा आकडा सरकार ठरवते आणि सगळ्यांना सारखा. भरपाई ज्याचे जेवढे गेले तेवढ्याची, आणि ती ज्याची जबाबदारी होती त्याच्याकडून. ती मागायची तर दिवाणी कोर्ट, मुद्रांक, तारखा. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाला १९९७ मध्ये आग लागून ५९ जण गेले, आणि भरपाईवर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला २०११ उजाडले.

म्हणजे भारतात कोणी दावे करत नाही हे आपल्या चांगुलपणाचे लक्षण आहे, असे मला आता वाटत नाही. जखमी माणूस गप्प बसतो, कारण बोलून उपयोग नसतो. आणि ओळखीच्या माणसाविरुद्ध बोलायचे तर त्याहून अवघड. तबल्याच्या क्लासला जाणाऱ्या मुलीचे मनगट गुरुजींच्या जिन्यात मोडले तर तिचे वडील गुरुजींना नोटीस पाठवतील? नाही पाठवणार. ते खर्च सोसतील, मुलीचा क्लास हळूच बंद करतील आणि दिवाळीला फराळ पाठवायचे सोडून देतील. विमा असेल तर तेच वडील गुरुजींबरोबर बसून, चहा पीत, दाव्याचा फॉर्म भरू शकतात. पैशाचा प्रश्न दोन घरांच्या मधून उचलून तिसऱ्याच्या टेबलावर ठेवला जातो. 'आपलीच माणसं' म्हणून विमा नको, हे तर्कट मला म्हणूनच उलटे वाटते. परक्याशी भांडता तरी येते.

शिवाय भांडायचे की नाही हे नेहमी आपल्या हातात राहतेच असे नाही. अमेरिकेतल्या नातेवाइकांना विचारून पाहा. हाड मोडून इस्पितळात गेलात की काही दिवसांनी आरोग्य विमा कंपनीचे पत्र येते: कुठे पडलात, जागा कोणाची होती? ती कंपनी आपला खर्च जागेच्या मालकाकडून वसूल करायला निघते. तुमचे त्याच्याशी घरचे संबंध आहेत, याचे तिला सोयरसुतक नसते.

मुंबईच्या गणेश मंडळांना हे गणित कळले आहे. किंग्ज सर्कलच्या जीएसबी सेवा मंडळाने २०२५ च्या उत्सवासाठी ४७४.४६ कोटींचा विमा उतरवला. वर्तमानपत्रांनी मथळा केला तो सोन्याचांदीचा, पण दागिन्यांचा वाटा ६७ कोटींच्या आसपासच होता. ३७५ कोटी होते स्वयंसेवक, पुजारी, आचारी, सुरक्षारक्षक यांच्या वैयक्तिक अपघातासाठी, आणि ३० कोटी सार्वजनिक दायित्वासाठी. मथळा देणाऱ्याने हे उलट क्रमाने लिहायला हवे होते.

आपल्या सभासदांपैकी जे घरी गाणे, पेटी, तबला शिकवतात त्यांच्यासाठी थोडे बारकाईने. घराचा विमा आहे म्हणून निश्चिंत राहू नका. पैसे घेऊन शिकवणे हा व्यवसाय झाला, आणि घराच्या बहुतेक पॉलिसींमध्ये व्यवसायासाठी आलेल्या माणसाची इजा वगळलेली असते. आधी कळवलेत तर कधी कधी किरकोळ जादा हप्त्यात ती धरतात. न कळवता दावा केलात तर अख्खी पॉलिसीच अडचणीत येऊ शकते. ब्रिटनमध्ये १८९३ सालची म्युझिशियन्स युनियन आणि तिच्याहूनही जुनी, १८८२ ची इंडिपेंडंट सोसायटी ऑफ म्युझिशियन्स, या दोन्ही संस्था सभासदत्वाबरोबरच एक कोटी पाउंडांचे पब्लिक लायबिलिटीचे संरक्षण देतात. आपल्यातले बरेच जण "ते गोऱ्यांच्या ऑर्केस्ट्रावाल्यांचे" म्हणून तिकडे फिरकत नाहीत. तसे काही नाही. तबलजीही सभासद होऊ शकतो. मात्र हे संरक्षण सभासदाचे स्वतःचे असते. शेजारी बसलेल्या पेटीवाल्याला त्याचा उपयोग नाही.

आणखी दोन खाचा आहेत. विद्यार्थिनीने आठवडाभर तुमच्याकडे ठेवायला दिलेला तानपुरा तुमच्या हातून पडून भोपळा तडकला, तर ते पब्लिक लायबिलिटीत सहसा येत नाही, कारण वस्तू तुमच्या ताब्यात होती. त्यासाठी वाद्यांचा विमा वेगळा. आणि "चुकीच्या रियाजामुळे माझ्या मुलीचा आवाज बसला" ही तक्रार इजेची वाटली तरी ती शिकवण्याबद्दलची आहे. तिच्यासाठी प्रोफेशनल इन्डेम्निटी लागते. ही तक्रार कधी येणार नाही असे ज्यांना वाटते त्यांनी आपल्या मंडळाच्या बालगायन स्पर्धेनंतर पालकांमध्ये दहा मिनिटे उभे राहावे.

अपघात झालाच तर तोंडातून काय निघते, तेही महत्त्वाचे. आपली पहिली प्रतिक्रिया असते, "आमचीच चूक, सगळा खर्च आम्ही देतो." पॉलिसीच्या अटींत जवळजवळ नेहमी लिहिलेले असते, की कंपनीला विचारल्याशिवाय जबाबदारी कबूल करू नये, पैशाचे वचन देऊ नये. म्हणून घाबरून काही जण इतके गप्प बसतात की जखमी माणसाची साधी विचारपूसही करत नाहीत. तेवढ्याची गरज नाही. इंग्लंड-वेल्समध्ये २००६ च्या कॉम्पेन्सेशन ॲक्टने स्पष्ट केले आहे, की नुसती माफी मागितली किंवा उपचाराची तयारी दाखवली म्हणून हलगर्जीपणा कबूल केला असे होत नाही. तेव्हा माफी मागा, इस्पितळात सोबत जा, डबा पोचवा. चेकबुक मात्र घरी ठेवा.

ढोल-ताशाबद्दल बोलायचे तर आपण विचार करतो तो शेजाऱ्यांच्या तक्रारीचा. वाजवणाऱ्याच्या कानाचा कोणी करत नाही. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमधले व्हायोलावादक ख्रिस्तोफर गोल्डशायडर सप्टेंबर २०१२ मध्ये वागनरच्या तालमीत पितळी वाद्यांच्या पुढ्यात बसले आणि त्यांची श्रवणशक्ती कायमची दुखावली. २०१८ मध्ये हायकोर्टाने संस्थेला जबाबदार धरले, पुढच्या वर्षी अपिलातही संस्था हरली. आवाज हाच आमचा माल, हा बचाव चालला नाही. आपल्या पथकातली पोरे हौशी आहेत, पगारी नाहीत. पण हौशी स्वयंसेवक पॉलिसीच्या कुठल्या कलमात बसतात हे वाचूनच पाहावे लागते. कानात घालायचे बोळे यंदा मंडळ देणार आहे. ते घालून ताशा ऐकू येत नाही ही सबब ऐकून घेतली जाणार नाही.

राहता राहिले इंदूरचे पाहुणे. कलावंत येताना परदेश प्रवासाचा विमा काढून येतात आणि आपण समजतो झाले. तो विमा त्यांच्या आजारपणासाठी, हरवलेल्या बॅगेसाठी. त्यात वैयक्तिक दायित्वाचे एक कलम असते खरे, पण धंद्याच्या कामातून आलेला दावा त्यातून सहसा वगळलेला असतो, आणि बिदागी घेऊन गाणे हे धंद्याचेच काम. भारतात घेतलेली दायित्वाची पॉलिसी असलीच तर ती बहुधा भारतापुरतीच चालते. म्हणून मंडळाच्या पॉलिसीत 'निमंत्रित कलावंत' हे शब्द आहेत की नाहीत, हे तिकिटे काढण्याआधी पाहायचे. नसतील तर ते घालून घेण्याचा जादा हप्ता कार्यक्रमाच्या खर्चात धरायचा. यंदा आपण तो धरला आहे. त्यामुळे कार्यक्रमाच्या तिकिटाचा दर थोडा वाढला. त्याबद्दल आलेली पत्रे वाचली; दर तोच राहील.

घरी वर्ग घेणाऱ्या सगळ्या सभासदांनी आपल्या प्रमाणपत्राची प्रत महिनाअखेरीपर्यंत सचिवांकडे द्यावी. मंडळाच्या नावाने विद्यार्थी पाठवायचे, तर ती फाइलमध्ये असली पाहिजे. ज्यांचे दोन-तीनच विद्यार्थी आहेत आणि ज्यांना हप्ता जड वाटतो, त्यांनी खजिनदारांशी खासगीत बोलावे. अर्धा हप्ता मंडळ उचलेल, आणि कोणाचा उचलला हे या वार्तापत्रात छापले जाणार नाही.