विश्लेषण : सर्व्हर ‘चालू’ आहे, पण पुन्हा ‘सुरू’ होईल का?

बँकेचा किंवा रुग्णालयाचा सर्व्हर दोन-तीन वर्षे एकदाही बंद झाला नाही, याचे संगणक विभागात कौतुक होते. मग कधी तरी विजेच्या कामासाठी तो बंद करावा लागतो आणि पुन्हा सुरू करताना पडद्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ एवढाच संदेश येतो. काउंटरवर रांग खोळंबते आणि खापर यंत्रावर फुटते. प्रत्यक्षात बऱ्याचदा दोष यंत्रापेक्षा देखभालीच्या पद्धतीत असतो.

फर्मवेअर म्हणजे काय?

मदरबोर्डवरील चिपमध्ये साठवलेली ही आज्ञावली विंडोज किंवा लिनक्सच्या आधी जागी होते. प्रोसेसर, मेमरी, डिस्क जागेवर आहेत का, हे ती तपासते आणि मग ऑपरेटिंग सिस्टीमकडे कारभार सोपवते. जुन्या ‘बायोस’ची जागा आता ‘यूईएफआय’ने घेतली आहे. त्यातील ‘सिक्युअर बूट’ ही सुविधा पहारेकऱ्यासारखी असते. विश्वासू डिजिटल स्वाक्षरी नसलेली आज्ञावली ती सुरूच होऊ देत नाही. याखेरीज डिस्क, रेड कंट्रोलर, नेटवर्क कार्ड यांचेही स्वतंत्र फर्मवेअर असते.

घोळ कुठे होतो?

मदरबोर्ड बदलला, की जुन्या सेटिंग्ज त्याच्यासोबत जातात. ‘यूईएफआय’ पद्धतीने बसवलेली सिस्टीम ‘लेगसी’ पद्धतीत शोधली जाते आणि डिस्क धडधाकट असूनही सापडत नाही. त्यात डिस्क कूटबद्ध असेल, तर सुरक्षा चिप बदलल्यामुळे बिटलॉकर ‘रिकव्हरी की’ मागतो. ती त्याच सर्व्हरवर साठवली असेल, तर कुलपाची किल्ली तिजोरीतच राहिली म्हणायची! शेकडो जीबी मेमरीचा सर्व्हर सुरू होताना काही मिनिटे पडदा काळा राहू शकतो. फर्मवेअर अद्ययावत होत असतानाही तसेच दिसू शकते आणि तेव्हा घाईने वीज तोडली, तर चांगले यंत्र निकामी होण्याची भीती असते.

अद्ययावत करणे टाळावे का?

दोन उदाहरणे दोन्ही बाजू सांगतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीई कंपनीने जाहीर केले, की तिच्या काही एसएसडी ३२,७६८ तास, म्हणजे सुमारे पावणेचार वर्षे चालल्यावर बंद पडतील. त्यानंतर डिस्कही वाचणार नव्हती आणि तिच्यातील माहितीही. एकाच दिवशी बसवलेल्या डिस्क जवळपास एकाच वेळी जाण्याचा धोका असल्याने ‘रेड’चा आधारही उरत नव्हता. उपाय होता तो फक्त नव्या फर्मवेअरचा, तोही वेळेआधी.

उलट, जुलै २०२० मध्ये ‘बूटहोल’ नावाची त्रुटी उघड झाली. ती बुजवण्यासाठी रेड हॅटने दिलेल्या दुरुस्तीनंतर अनेक सर्व्हर सुरूच होईनात. ती दुरुस्ती तूर्त बसवू नका, असे कंपनीलाच सांगावे लागले. म्हणजे अद्ययावत न करणे घातक आणि चाचणीविना सगळीकडे एकदम करणेही घातक. आधी एका कमी महत्त्वाच्या यंत्रावर प्रयोग, मग बाकीची यंत्रे, हाच मार्ग उरतो.

शोध कुठून सुरू करावा?

डिस्क पुसून सिस्टीम नव्याने बसवणे हा पहिला नव्हे, शेवटचा उपाय आहे. आयलो, आयड्रॅक यांसारखी नियंत्रण चिप मुख्य यंत्र सुरू होत नसतानाही काम करते. तिच्या नोंदवहीत कोणती मेमरी पट्टी किंवा कोणता वीजपुरवठा संच सदोष आहे, हे अनेकदा लिहिलेले असते. ते आधी वाचावे. मग नुकते काय बदलले ते विचारावे, बूटचा क्रम आणि पद्धत पाहावी. सुटे भाग काढून एकेक लावून पाहण्याची वेळ त्यानंतरची. ‘सिक्युअर बूट’ बंद करून यंत्र सुरू झाले, तर कारण सापडले एवढेच. पहारेकरी कायमचा घरी पाठवणे हा उपाय नव्हे.

जबाबदारी कोणाची?

खरी अडचण इथे आहे. सॉफ्टवेअरवाला म्हणतो, हे हार्डवेअर. हार्डवेअरवाला म्हणतो, ते सॉफ्टवेअर. वार्षिक देखभाल करारात फर्मवेअरचा स्पष्ट उल्लेख नसेल, तर ते कोणाचेच काम राहत नाही. निविदेतच तीन गोष्टी लिहून घ्यायला हव्यात : फर्मवेअरच्या आवृत्त्यांची नोंद, सेटिंग्ज व ‘रिकव्हरी की’ यांची सर्व्हरबाहेरील प्रत आणि वर्षातून किमान एकदा ठरवून केलेला रीस्टार्ट. ‘सिक्युअर बूट’ची २०११ सालची मायक्रोसॉफ्ट प्रमाणपत्रे जून २०२६ पासून टप्प्याटप्प्याने मुदतबाह्य होतात. त्यामुळे यंत्रे लगेच बंद पडत नसली, तरी बूटसंबंधी नव्या सुरक्षा दुरुस्त्या मिळण्यात अडथळा येतो. म्हणजे टाळाटाळीला आता मुदतही आहे.

ठरवून केलेल्या रीस्टार्टमध्ये सर्व्हर अडला, तर एक रविवार जातो. अवचित अडला, तर पगाराच्या दिवशी बँक आणि गर्दीच्या वेळी रुग्णालय थांबते. यातले काय परवडेल, हे संगणक विभागाने नव्हे, संस्थेच्या प्रमुखाने ठरवायचे आहे.