समुद्रातली तार आणि मुनिरक्याची आरती

६ सप्टेंबर २०२५. अनंत चतुर्दशी. मुनिरक्यातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात बाप्पाच्या निरोपाची तयारी झाली होती. दिल्लीत यमुनेत मूर्ती सोडायला बंदी, म्हणून विसर्जन बादलीतच. जर्मनीतली लेक मोबाइलवरून आरतीला हजर राहणार होती. सासूबाईंनी तबक हाती घेतले मात्र, लेकीचा चेहरा पडद्यावर गोठला. आवाज तुटक तुटक येऊ लागला.

"अगं, तिला दिसतंय ना?" सासूबाई तीन-तीनदा विचारत होत्या. वर्षातून एकदाच येणारा क्षण, तोही निसटला. बाप्पा गेले, पण नातीचा "मोरया" काही आजीला ऐकू आला नाही.

माझा सारा राग निघाला तो आमच्या गल्लीत इंटरनेटची जोडणी सांभाळणाऱ्या मुलावर. बिचारा सणाच्या दिवशी धावत आला, तारा तपासल्या आणि म्हणाला, "आंटीजी, इधर सब ठीक है।" मी ऐकून घेतले नाही. "पैसे घेताना बरे सगळे ठीक असते!" असेही बोलून गेले.

मग वर्तमानपत्रात खुलासा वाचला. त्याच दिवशी सौदी अरेबियातल्या जेद्दाजवळ, लाल समुद्राच्या तळाशी इंटरनेटच्या तारा तुटल्या होत्या. त्यांतल्या दोन तारा आपल्या मुंबईहून युरोपकडे जाणाऱ्या. एखाद्या जहाजाच्या फरफटत गेलेल्या नांगराने हे झाले असावे, असे जाणकारांचे मत होते. दोष हजारो किलोमीटर दूर आणि बोलणी खाल्ली मुनिरक्यातल्या पोराने!

आपल्यापैकी बहुतेकांना वाटते की परदेशातला फोन उपग्रहावरून येतो. प्रत्यक्षात एका खंडातून दुसऱ्या खंडात जाणारी जवळजवळ सगळी बातचीत, चित्रे आणि बँकांचे व्यवहार समुद्राच्या तळावरून जातात. काचेचे केसासारखे बारीक धागे, त्यांतून धावणारा प्रकाश आणि भोवती संरक्षक आवरणे. खोल समुद्रात ही तार बागेला पाणी घालायच्या नळीएवढीच जाड असते. वाटेत प्रकाश मंदावतो, म्हणून ठरावीक अंतरावर त्याला पुन्हा जोर देणारी यंत्रे बसवलेली असतात. किनाऱ्याजवळ मात्र तारेला पोलादी चिलखत चढवतात आणि जमेल तिथे ती वाळूत पुरतात.

मुंबईला ही तार नवी नाही. १८७० साली 'ग्रेट ईस्टर्न' नावाच्या अवाढव्य जहाजाने मुंबईपासून एडनपर्यंत तारायंत्राची तार टाकली आणि मुंबई समुद्रमार्गे लंडनशी जोडली गेली. त्याआधी जमिनीवरच्या मार्गाने निघालेला संदेश पोचायला कित्येकदा दिवसच्या दिवस लागत. २०२२ अखेर भारतात अशा १७ आंतरराष्ट्रीय तारा १४ केंद्रांवर किनाऱ्याला लागत होत्या, त्याही फक्त पाच शहरांत. मुंबईत येणाऱ्या बऱ्याच तारा उत्तरेकडच्या वर्सोव्याच्या किनाऱ्यावर चढतात. कोळीवाड्यातल्या होड्या जिथून मासेमारीला निघतात, त्याच वाळूखालून दिल्लीच्या आजीचा आवाज जर्मनीला जातो.

या तारांचा शत्रू शार्क नव्हे. जगभरात वर्षाला दीडशे ते दोनशे वेळा तारा बिघडतात, आणि बहुतेक वेळा कारण असते नांगर नाहीतर मासेमारीची अवजारे. म्हणून तारेची जागा कोळी बांधवांना नीट कळवणे आणि तार टाकताना त्यांची जाळी व रोजगार सांभाळणे हे उपकार नव्हेत, ती गरज आहे. ज्याच्या दारातून तार जाते, तोच तिचा पहिला राखणदार.

तार तुटली की खास जहाज तिथे जाते, आकड्याने तारेची टोके वर ओढते, आणि कारागीर ते काचेचे धागे एकेक करून जोडतात. जहाजे मोजकीच, शिवाय त्या देशाची परवानगी हवी. त्यामुळे दुरुस्तीला आठवडे लागतात. तोवर आपले बोलणे दुसऱ्या, लांबच्या वाटेने वळवतात. तिथे गर्दी होते आणि चेहरे गोठतात.

तेव्हा वाचकहो, परदेशी असलेल्या मुलांशी एक गोष्ट आधीच ठरवून ठेवा. चित्र अडले तर नुसत्या आवाजावर बोलायचे, तेही जमले नाही तर दोन ओळींचा निरोप धाडायचा. त्याला फार थोडी जागा लागते आणि तो बहुधा पोचतो. घरातल्या म्हाताऱ्या जिवाला तेवढाही पुरतो.

आणि हो, त्या मुलाला मी घरी बोलावले. डब्यातले लाडू त्याच्या हातावर ठेवून म्हटले, "बेटा, गलती मेरी थी।" तो संकोचून हसला. समुद्राखालून तार जाते हे त्यालाही ठाऊक नव्हते. सासूबाईंनीच मग त्याला वर्सोव्याची गोष्ट सांगितली, थेट १८७० पासून.