इमर्जन्सीच्या रात्रीचे बिल कोणी भरायचे?

सरकारी रुग्णालयात युनिटचा इमर्जन्सीचा दिवस असला की रात्री जेवण मागवायचे काम हमखास जेआर-वनच्या गळ्यात पडते. पदव्युत्तर शिक्षणाच्या पहिल्या वर्षातला हा निवासी डॉक्टर. कोणाला बिर्याणी, कोणाला पनीर, कोणाला अंडाभुर्जी हे तो कामाच्या यादीमागेच टिपून घेतो, गेटवरून पार्सल आणतो आणि पुष्कळदा पैसेही स्वतःच भरतो. नंतर हिशोब मागायला जीभ रेटत नाही, कारण ज्यांच्याकडे मागायचा त्यांच्याच शब्दावर त्याची सुट्टी आणि पुढची तीन वर्षे अवलंबून असतात. डबे उघडतात तेवढ्यात कॅजुअल्टीतून फोन येतो. उठावे लागते तेही त्यालाच.

तक्रार करावी इतकी ही मोठी गोष्ट कोणाला वाटत नाही. म्हणूनच ती वर्षानुवर्षे तशीच चालत आली आहे.

वॉर्डात वाटून खाणे मुळात फार मोलाचे आहे, हे आधी सांगायला हवे. नंदुरबार किंवा लातूरहून मुंबईत आलेल्या इंटर्नला पहिला आधार मिळतो तो अनेकदा सिस्टरच्या डब्यातून. ‘जेवलास का रे?’ असे विचारणारी सिस्टर आणि पोळीभाजी झाकून ठेवणारी मावशी नसती, तर कितीतरी डॉक्टरांचे पहिले सहा महिने निभावले नसते. याचा फायदा रुग्णालाही होतो. ज्या सिस्टरसोबत चार घास खाल्ले, तिला मध्यरात्री ‘हा डोस बरोबर आहे ना, एकदा बघता का?’ असे विचारायला नवा डॉक्टर कचरत नाही. तीही त्याची चूक चारचौघांत न काढता वेळेवर सांगते. अशी विचारपूस ज्या वॉर्डात सहज होते, तिथे चुका लवकर पकडल्या जातात.

पण जेवायला मुळात वेळ तर मिळाला पाहिजे. केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत सलग काम साधारणपणे १२ तासांहून जास्त नसावे आणि आठवड्याचे काम ४८ तासांचे असावे, असे म्हटले आहे. प्रत्यक्षात ३६ तासांची ड्युटी आजही कोणाला नवी नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ज्या तरुण डॉक्टरवर अत्याचार करून तिची हत्या झाली, ती रात्री उशिरा सहकाऱ्यांबरोबर जेवून सेमिनार हॉलमध्ये विसावली होती. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय कृतिदल नेमले. प्रत्येक विभागात डॉक्टरांसाठी आणि परिचारिकांसाठी स्वतंत्र विश्रांतिकक्ष असावेत, हा मुद्दाही त्याच्यापुढे ठेवला. ब्रिटनमध्ये तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१८ मध्ये थकवा आणि सुविधा यांबाबत एक सनदच काढली. कँटीन बंद असले तरी रात्री गरम अन्न मिळावे, ही तिच्यातली एक मागणी. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधल्या रुग्णालयांना कनिष्ठ डॉक्टरांच्या विश्रांतीच्या सोयींसाठी सरकारने १ कोटी पौंड दिले. आपल्याकडे मात्र रात्री दोन वाजता भूक लागली, तर गेटबाहेरची गाडी उघडी आहे का, हे पाहावे लागते.

सोबत कोण बसते, हा प्रश्न त्याहून नाजूक आहे. दिल्लीच्या एम्समधल्या भेदभावाच्या तक्रारी तपासण्यासाठी अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने २००७ मध्ये अहवाल दिला. अनुसूचित जाती-जमातींचे विद्यार्थी वसतिगृहात, मेसमध्ये, खेळाच्या मैदानावर कसे एकटे पाडले जातात, हे त्यात नोंदले आहे. देशातली सर्वांत नावाजलेली वैद्यकीय संस्था, आणि जेवणाच्या टेबलावर ही स्थिती. आजही ‘तू नॉनव्हेज इथे नको काढूस’ हे वाक्य ड्युटी रूममध्ये ऐकू येते. मावशी चहा करतात, कप विसळतात, पण खुर्चीवर बसून चहा घेत नाहीत. बाळ झाल्यावर नातेवाईक आनंदाने पेढ्यांचा पुडा आणतात. तो डॉक्टर आणि सिस्टरांपाशीच संपतो. रात्रभर लादी पुसणाऱ्या सफाई कामगाराला त्यातला एक पेढा मिळू नये, हे अतिशय वाईट आहे.

पैशांचेही तसेच. महाराष्ट्रात इंटर्नचे विद्यावेतन २०२४ मध्ये ११ हजारांवरून १८ हजार रुपये झाले. एवढ्यात खोली, प्रवास, पुस्तके भागवणाऱ्या मुलाकडून ‘पार्टी कधी?’ म्हणत जेवण उकळणे ही मौज नव्हे. पेपर छापून आला, पहिली शस्त्रक्रिया केली, वाढदिवस आला, की पार्टी. परीक्षेला बाहेरचे परीक्षक येतात तेव्हा त्यांच्या पाहुणचारासाठी विद्यार्थ्यांनीच वर्गणी काढायची, ही अनेक ठिकाणची रीत तर लाजिरवाणी आहे. ज्याची परीक्षा आहे त्याच्याच पैशाने परीक्षकाचे ताट वाढले जाणे कोणत्याही शिष्टाचारात बसत नाही.

हा भार टाळण्यासाठी औषध कंपनीच्या प्रतिनिधीने आणलेले पिझ्झाचे खोके उघडणेही बरोबर नाही. डॉक्टरांनी कंपन्यांचा पाहुणचार घेऊ नये, हा नियम भारतीय वैद्यक परिषदेने २००९ मध्येच केला, आणि मार्च २०२४ मध्ये केंद्राने औषध कंपन्यांसाठीही विपणनसंहिता काढली. अमेरिकेत पावणेतीन लाखांहून अधिक डॉक्टरांच्या नोंदी पाहून २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सरासरी २० डॉलरपेक्षाही कमी किमतीचे एक जेवण घेतलेल्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांत त्या कंपनीचे औषध जास्त दिसले.

लसींच्या फ्रिजमध्ये डबा ठेवू नये, रक्ताच्या नमुन्यांशेजारी समोसा उघडू नये, हे सगळ्यांना शिकवलेले असते. तरीही बसून जेवायला खोलीच नसेल, तर नर्सिंग स्टेशनच्या टेबलाखेरीज दुसरी जागा उरत नाही. तो दोष जेवणाऱ्याच्या माथी मारू नये.

काही युनिटांत इमर्जन्सीच्या रात्रीचे बिल प्रमुखच देतात, आणि कनिष्ठ डॉक्टर जेवत असताना कॅजुअल्टीचा फोन वरिष्ठ घेतात. तिथे शिकलेले डॉक्टर पुढे स्वतःच्या युनिटातही तसेच वागतात. ही चांगली प्रथा प्रमुखांच्या स्वभावावर सोडू नये. प्रत्येक अधिष्ठात्याने आणि विभागप्रमुखाने चार गोष्टी लेखी कराव्यात: ड्युटीच्या तक्त्यात जेवणाची अर्धा तास सुट्टी नावानिशी लिहावी, प्रशिक्षणार्थींकडून वर्गणी आणि पार्ट्या घेणे बंद करावे, रात्री गरम अन्न मिळेल अशी सोय करावी, आणि ड्युटी रूमच्या टेबलावर मावशी, मामा, सफाई कामगार यांच्यासाठीही खुर्च्या ठेवाव्यात.