दूध तपासाच, पण काटा खरा ठेवा

पहाटे डेअरीवर कॅन घेऊन उभं राहिलं की एकच विषय असतो, फॅट किती लागली आणि एसएनएफ किती लागला. ३.५ आणि ८.५ हे आकडे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात पोरासोरांनाही पाठ आहेत. भेसळवाल्यांनाही आहेत! २०२३ मध्ये श्रीगोंद्यात भेसळीचं प्रकरण उघडं पडलं, त्यात व्हे पावडर आणि लिक्विड पॅराफिन होतं. पावडरीने एसएनएफ वाढतो, तेलाने फॅट भरून निघते. साधं मशीन आकडा दाखवतं, तो कशामुळे आला हे त्याला कळत नाही.

चीनमध्ये २००८ ला हेच झालं. तिथे प्रोटीन मोजायला नायट्रोजन मोजत होते, म्हणून दुधात मेलामाइन टाकलं. सुमारे ३ लाख बाळं आजारी पडली, ६ गेली.

असे पदार्थ ओळखायची एक युक्ती आपल्याच सी. व्ही. रामन यांच्या १९२८ च्या शोधावर उभी आहे. पदार्थावर लेसर टाकला की परतणाऱ्या प्रकाशात त्या पदार्थाचा जणू अंगठा उमटतो. हा ठसा फार पुसट असतो. पण पदार्थ चांदीच्या किंवा सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांना चिकटला की ठसा लाखो पटींनी ठळक होतो. यंत्र हातात मावेल एवढंही मिळतं. आज कायद्याने नमुन्याचा अहवाल १४ दिवसांत यायचा असतो, तोवर दूध पिऊन झालेलं असतं. आणि दहा गावांचं दूध टँकरमध्ये एक झालं की चोर कोण, साव कोण, कसं कळणार? म्हणून तपासणी संकलन केंद्रावरच हवी.

आता माझी खरी भीती सांगतो. युरिया दुधात निसर्गतःच असतो, नियमानेही किलोला ७०० मिलिग्रॅमपर्यंत चालतो. पेंड जास्त झाली तरी तो वाढतो. शिवाय दुधातली फॅट आणि प्रोटीन त्या चांदीच्या कणांना चिकटतात आणि वाचन चुकू शकतं. अशा वेळी नुसता लाल दिवा लागला म्हणून एखाद्या विधवा बाईचं दोन गायींचं दूध ओतून दिलं, तर भेसळवाला मोकळा आणि कष्टकरी बदनाम!

म्हणून माझं म्हणणं एवढंच. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने ही यंत्रं आधी आपल्याच गायींच्या दुधावर, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात, पारखून घ्यावीत. यंत्राने फक्त संशय दाखवावा, निकाल प्रयोगशाळेने द्यावा. नमुन्याचा एक सीलबंद भाग शेतकऱ्याकडे राहावा. आणि तपासणी टँकरची, चिलिंग प्लांटचीही व्हावी. नियम फक्त कॅनवाल्यालाच का?

तुमच्या डेअरीवर काय चालतं, कॉमेंटमध्ये लिहा. नावं न घेता लिहिलं तरी चालेल.