छतावरची वीज आणि घरचे बिल



ऊस लागवडीच्या नोंदीसाठी आम्ही गावोगाव फिरतो तेव्हा हल्ली बेणे आणि खत राहते बाजूला, पहिला प्रश्न येतो सोलरचा. "साहेब, छतावर सोलर लावलं तर बिल खरंच शून्य येते का जी?" हा प्रश्न आमच्या खात्याचा नव्हे. पण काही एजंट आता उसाच्या बिलातून हप्ता कापून घ्या म्हणून संमतीपत्रे भरून घेऊ लागले आहेत, तेव्हा गप्प बसणे बरे नाही.

सोलर चांगले आहे, पण सरसकट प्रत्येक घराच्या फायद्याचे नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हिशेब साधा आहे. एक किलोवॉटचा संच वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिटच्या आसपास वीज देतो, म्हणजे महिन्याला शंभर-सव्वाशे युनिट. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत १ किलोवॉटला ३० हजार, २ ला ६० हजार आणि ३ किंवा जास्त किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान मिळते. ज्याच्या घरी फ्रीज, कूलर, पाण्याची मोटर आहे आणि महिन्याला अडीचशे-तीनशे युनिट जळतात, त्याने जरूर लावावे. त्याची महागडी युनिटे वाचतात. पण ज्याचे बिल शंभर युनिटांच्या आतच आहे त्याची युनिटे मुळात स्वस्त दराची, वाचणार ती किती? अशाने लावायचेच तर एक किलोवॉट पुरे. त्याला केंद्राच्या अनुदानावर राज्य सरकारही भर घालते. तीन किलोवॉटचा संच कर्जाने घेऊन ठेवणे म्हणजे दोन एकर धानाला पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर घेणे होय.

आणि 'शून्य बिल' हा शब्द जपून घ्यावा. जादा वीज महावितरणकडे जाते, ती पुढच्या बिलात वळती होते, हे खरे. परंतु स्थिर आकार चुकत नाही.

दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही ती ही, की लाइन गेली की हा संचही बंद पडतो. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये म्हणून तशी व्यवस्थाच असते. बॅटरी हवी तर तिचा खर्च निराळा. एटापल्ली, भामरागडकडे पावसाळ्यात झाड पडून लाइन जाते. तिथला माणूस अंधार टळावा म्हणून सोलर घेईल आणि अंधारातच बसेल.

घरही पाहावे लागते. कवेलूच्या छपरावर, जुन्या बल्ल्यांवर हे ओझे घालू नये. अंगणातल्या मोहाच्या झाडाची सावली पडते म्हणून झाड तोडण्याचा सल्ला एका गावी दिला गेल्याचे ऐकले. मोह दरसाल फुले आणि टोळी देतो, तो तोडून कोणते बिल वाचणार? घुग्घुस, बल्लारपूरकडे कोळशाची धूळ बसते, तिथे पॅनेल वरचेवर धुवावे लागेल. चंद्रपूरचे ऊन कडक म्हणून वीज जास्त, हाही गैरसमज आहे. पॅनेलला उजेड हवा, उष्णता नव्हे. मे महिन्यात ते पासष्ट अंशांवर तापले की वीज पंधरा टक्क्यांच्या आसपास घटते.

ज्यांना छतावर काही लावता येत नाही त्यांनाही सूर्याचा थोडा लाभ आहे. राज्यात दिवसा सौर वीज वाढली, म्हणून १ जुलै २०२५ पासून टीओडी मीटर असलेल्या घरांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत ठरली आहे. पाण्याची मोटर, इस्त्री, मिक्सर दिवसा चालवा, एवढेच करायचे. हे आमच्या मायबहिणींनी आधी वाचावे.

खरे सांगायचे तर आमच्या मनात घरच्या बिलापेक्षा शेतातल्या विजेची चिंता मोठी आहे. ऊर्जानगरचे केंद्र २९२० मेगावॅटचे, आणि त्याच जिल्ह्यातला शेतकरी रात्री बॅटरी घेऊन उसाला पाणी द्यायला जातो. वाघाच्या हल्ल्यात माणसे दगावतात ती राज्यात सर्वांत जास्त आपल्याकडेच, आणि उभ्या उसात जनावर दिसत नाही. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिल मार्च २०२९ पर्यंत सरकार भरणार आहे. बिल माफ झाले, पण रात्रीचे पाणी टळले नाही तर त्या माफीचे काय करायचे? म्हणून सौर कृषी वाहिनी किंवा सौर पंपातून मिळणाऱ्या दिवसाच्या विजेसाठी ग्रामसभांनी आधी अर्ज करावेत. सौर पंपाला शेतकऱ्याचा वाटा दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातींना पाचच टक्के आहे.

संचालक मंडळाला आमची विनंती आहे की, सभासदाची वर्षाची बिले आणि छप्पर पाहिल्याशिवाय ऊस बिलातून सोलरच्या हप्त्याची कपात मंजूर करू नये. सभासदांनी कोऱ्या संमतीपत्रावर सही देऊ नये. मागच्या बारा महिन्यांची बिले घेऊन गट कार्यालयात यावे, किती किलोवॉट लागेल किंवा लागणारच नाही, ते आम्ही बेरीज करून देऊ. त्याला पैसे पडत नाहीत.

— ऊस विकास अधिकारी